चारपायी पाहुणा येण्याआधी

चि. मुक्ता,

दिवाळीत काका-काकू चार दिवस राहायला येणार आणि सोबत त्यांचा बीगलही येणार, हे कळलं. ‘तो चावरा तर नाही ना?’ असं तू विचारतेस. माझ्या मते प्रश्नच चुकलाय. चावरा कुत्रा चावतो तो रागाने किंवा भीतीने. तुझ्या हॅमस्टरला जो धोका आहे त्यात राग नावालाही नाही. वास घेणं, नजर रोखणं, दबा धरणं, धावणं, पकडणं ही शिकारीची साखळी कुत्र्याच्या अंगात असते, आणि माणसाने जाती निपजवताना तिच्यातल्या काही कड्या वाढवल्या, काही बोथट केल्या. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीची नजर वाढवली नि पकड दाबली. टेरिअरची पकड मुद्दाम राखली, कारण घुशी-उंदीर मारणं हेच त्याचं काम होतं. बीगल तर सशाचा माग काढत मैलोन्‌मैल धावायला वाढवलेला. असा कुत्रा शेपूट हलवत, अगदी खुशीत तुझा हॅमस्टर तोंडात धरेल. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, म्हणतात ना, तेच. चावायचीही गरज नाही, दोनदा झटकलं की सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या जिवाचा कारभार आटोपला. म्हणून कुत्र्याचा स्वभाव कसा आहे हे शोधत बसू नकोस, दोघांमध्ये किती दारं आहेत ते मोज.

यावर तू मला मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवशील. लॅब्राडोरच्या डोक्यावर हॅमस्टर बसलाय, गिनिपिग कुत्र्याच्या कुशीत निजलाय. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी घात झाला त्या दिवसाचा व्हिडिओ कोणी हौसेने टाकत नाही, हे लक्षात घे. शिवाय गिनिपिग भ्याला की हलायचाच थांबतो. जे आपल्याला शांतपणा वाटतं ती पुष्कळदा गोठलेली भीती असते. ‘हळूहळू सवय होईल’ हेही मला पटत नाही. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं राहतोय. हॅमस्टरचं तसं नाही. आज घरोघरी असलेले बहुतेक सीरियन हॅमस्टर 1930 साली अलेप्पोजवळच्या शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. पाळीव होऊन शंभर वर्षंही न झालेला हा जीव चार दिवसांच्या ओळखीने कुत्र्याला मित्र मानू लागेल, ही अपेक्षा जरा जास्तच.

दातांचा धोका निदान दिसतो. वासाचा आणि आवाजाचा दिसत नाही, त्याचीच मला जास्त काळजी. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या, जन्मात मांजर न पाहिलेल्या उंदरांनाही मांजराचा वास आला की ते दडून बसतात. म्हणजे ही भीती शिकावी लागत नाही. पिंजरा मजबूत आहे म्हणून कुत्र्याला समोर बसू देणं, हे त्या जिवाच्या दारात वाघ बांधण्यासारखं आहे. गिनिपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. धसक्याने त्याने दिवसभर गवताला तोंड लावलं नाही तरी जिवावर बेतू शकतं. फ्रिज उघडल्याबरोबर ‘वीक वीक’ ओरडणारे तुझे दोन्ही गिनिपिग एकदम गप्प झाले, लेंड्या कमी आणि बारीक पडू लागल्या, तर पाहुण्यांची भीड न धरता त्यांना डॉक्टरकडे ने.

म्हणून तिघांनाही तुझ्या खोलीत हलव, आणि पाहुणे यायच्या दोन दिवस आधी, म्हणजे जागा त्यांच्या अंगवळणी पडेल. दार कायम बंद, आणि पिंजऱ्याच्या दाराला वेगळी क्लिप. गॅलरीत मात्र ठेवू नकोस. तिथे दुपारचं ऊन, त्यात फटाके. हॅमस्टर पिंजऱ्याच्या गजांना धरून चढतो तेव्हा त्याचे इवलेसे पंजे बाहेर येतात आणि कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच असतं. ‘पिंजऱ्यात आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हे सुचत नाही. खरी वेळ रात्रीची. तुम्ही झोपता तेव्हा हॅमस्टर उठून चाक फिरवू लागतो. आपल्याला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला 45 पर्यंत. हॉलमध्ये निजलेल्या बीगलला चाकाची घरघरही ऐकू येणार आणि आपल्या कानावर न येणारी त्याची चिवचिवही. तेव्हा रात्री पाणी प्यायला उठलीस तरी दार ओढून घेऊनच जा. तिघांना हाताळून झालं की हात धू, नाहीतर त्यांचा वास तूच हॉलमध्ये नेशील.

बाबा म्हणतील, पाहुण्यांच्या कुत्र्याला खोली बंद करणं बरं दिसत नाही. मला यात अपमान दिसत नाही. बीगलला सारं घर मोकळं आहे, एक खोली सोडून. उलट काही विपरीत झालं तर काकू जन्मभर चुटपुट लावून घेतील, आणि बिचाऱ्या कुत्र्यावर नाहक ठपका येईल. पण हे ते दारात उभे असताना सांगू नकोस. या आठवड्यातच फोन कर, आणि येताना पट्टा न विसरता आणायला सांग. पहिला दिवस तो घरातही पट्ट्यावर असलेला बरा. बाबांच्या मागे लागू नकोस, ते विसरतील. काकाला तूच फोन कर.

तुझी,
आत्या