जिनिंगमधला पहिला आठवडा

दसरा होतो. शेतात कापूस फुटतो. शेतकरी सीतादही करतो आणि वेचणी सुरू होते. मग बंड्या, ट्रॅक्टर आणि मेटाडोर कापसाने भरून निघतात. कोणी यवतमाळला जातो, कोणी वणीला, कोणी राळेगावला, घाटंजीला, पांढरकवड्याला. कापूस बाजारात आला की जिनिंगचे कारखाने सुरू होतात आणि तिथे माणसे लागतात.

ज्याला शेत थोडे, किंवा शेतच नाही, तो अशा वेळी जिनिंगमध्ये कामाला जातो. तुमच्यापैकी कोणी यंदा पहिल्यांदाच जाणार असेल. त्याच्यासाठी हा पाठ आम्ही लिहिला आहे. वणीकडच्या कोळशाच्या खाणीत किंवा मुकुटबनच्या सिमेंटच्या कारखान्यात जाणाऱ्यालाही यातले पुष्कळ कामी पडेल.

डवरणी, निंदण, वेचणी ही कामे तुम्हाला येतात. ती कोणी शिकवली नाहीत. लहानपणापासून आईबापाच्या मागे फिरून ती हातात बसली. जिनिंगचे काम मात्र असे हातात बसलेले नसते. तिथे जाणारा मोठा माणूसही पहिल्या दिवशी लहान मुलासारखाच असतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेतात सूर्य हेच घड्याळ. थोडा उशीर झाला तर संध्याकाळी थोडे जास्त काम करता येते. कारखान्यात भोंगा वाजतो आणि पाळी बदलते. तुम्ही उशिरा गेलात तर रात्रपाळीच्या माणसाला तुमच्या जागी थांबावे लागते. तो रात्रभर जागलेला असतो. जागलेल्या माणसाचा हात चुकतो. म्हणून गाव दूर असेल तर कामाच्या आदल्या दिवशी एकदा जाऊन पाहावे. पहिली एसटी किती वाजता येते? फाट्यापासून कारखाना किती लांब आहे? यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला गाडी इंग्रजांच्या काळात या कापसासाठीच सुरू झाली होती. ती आता बंद पडली आहे. तेव्हा भिस्त एसटीवर, नाहीतर सायकलवर.

आता जिनिंगमध्ये काय होते ते पाहू. आपण काय करतो आहोत हे कळले की काम सोपे जाते.

आधी कापसाचा काटा होतो, म्हणजे वजन होते. मग कापसाची गंजी लागते. गंजीतून कापूस मशीनवर जातो. मशीनमध्ये चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ असतात. रूळ फिरतात. रुईचे तंतू रुळाला चिकटून ओढले जातात. सरकी मोठी असते, ती पात्याशी अडते आणि खाली पडते. रुई पुढे प्रेसमध्ये जाते. तिथे ती दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची असते. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-चौतीस किलो. बाकी बहुतेक सरकी. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. एवढ्या कापसासाठी किती बायांची कंबर मोडली असेल, हा हिशेब तुम्हीच करा.

गंजीवर काम मिळाले तर कचरा वेचणे हे मोठे काम असते. कवडी बाजूला काढायची, पाने-काड्या काढायच्या. केस, सुतळीचा धागा, पोत्याचा तुकडा, खर्ऱ्याची पन्नी, हेही काढायचे. पन्नी एवढीशी असते, तिने काय होते, असे वाटेल. पण ती मशीनमध्ये गेली की तिच्या चिंध्या होतात आणि रुईत मिसळतात. पुढे सूत निघते, कापड विणले जाते, कापडाला रंग देतात. पन्नीच्या धाग्याला तो रंग लागत नाही. तेवढी जागा डागासारखी दिसते आणि कापड वाया जाते. २००० साली सरकारने कापसासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात जुन्या जिनिंगच्या सुधारणेवर आणि स्वच्छ रुईवर भर होता. खर्रा खाणाऱ्याने पन्नी खिशात ठेवावी. खर्राच सोडला तर फारच चांगले, पण तो पाठ वेगळा आहे.

बिडी आणि आगपेटी फाटकाबाहेरच ठेवावी. रुईला लागलेली आग आत आत धुमसत राहते. वरून विझली असे वाटते आणि पुन्हा भडकते. कापसात लोखंडाचा खिळा किंवा गोटा दिसला तर तोही लगेच काढावा. मशीनमध्ये त्याची ठिणगी उडते.

आता जे सांगतो ते नीट वाचा.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गडी येत असे. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. पाटीवर अक्षर काढताना खडू निसटायचा. एके दिवशी आम्ही विचारले, "भाऊ, हे कसं झालं?"

तो म्हणाला, "जिनिंगमंधी गेलो व्हतो गुरुजी. चौथा दिवस व्हता. मशीनमंधी कापूस अटकला. मी हात घातला."

"मशीन बंद नाही केली?"

"बटन कुठं हाय तेच मले ठाव नव्हतं. कोनाले पुसाची लाज वाटली. सारे म्हनतील, याले एवढंबी येत नाही."

मग थोडा वेळ तो बोलला नाही. नंतर म्हणाला, "भिंतीवर पाटी व्हती. माह्या डोक्यावरच व्हती. मशीन चालू असताना हात घालू नये, असं लिवलं व्हतं तिच्यावर. मले वाचताच नाही आली."

दुसरी नोकरी मिळण्याआधी अक्षर शिकायचे म्हणून तो आमच्याकडे आला होता.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. पहिल्या दिवशी कामाला हात लावण्याआधी मुकादमाला किंवा फिटरला विचारा, "दादा, मशीन बंद कुठून होते?" त्याने बोटाने दाखवले तरी तेवढ्यावर थांबू नका. जवळ जाऊन पाहा. कापूस अडकला तर आपण काढायचा की फिटरला हाक मारायची, तेही विचारा. कोणी चिडून म्हणेल, "तुले इतकंबी समजत नाही काय?" म्हणू द्या. चिडलेला माणूस संध्याकाळी विसरतो. भिंतीवरच्या सगळ्या पाट्या जेवणाच्या सुटीत वाचून काढा. जोडाक्षर अडले तर शेजाऱ्याला विचारा.

कपड्याचेही तसेच. दुपट्ट्याचे टोक लोंबते ठेवू नये. बायांनी साडीवर सदरा घालावा, पदर आत खोचावा, वेणीवर फडके घट्ट बांधावे. पट्टा फिरत असतो तिथे पदर अडकला तर बाई ओढली जाते. नाकाला फडके बांधावे, कारण रुईची धूळ छातीत जाते.

आता हजेरीचे.

आमच्याच वर्गातल्या एका बाईची ही गोष्ट. ती नुकतीच आकडे शिकली होती. कामावरून आली की चुलीजवळ बसून ती वहीत तारीख लिही आणि पुढे एक रेघ मारी. महिना संपला. मुकादम म्हणाला, "बाई, तुमचे बावीस रोज झाले."

ती म्हणाली, "नाही भाऊ. माह्या वहीत चोवीस हायेत."

मुकादम हसला. पण तिने वही पुढे केली आणि तारखा वाचून दाखवल्या. हजेरीपट काढला. त्याच नावाची दुसरी एक बाई कामावर होती. दोन दिवसांची हजेरी तिच्या नावापुढे पडली होती. मुकादमाने कोणाला फसवले नव्हते, चूक झाली होती. समजा रोज ४०० रुपये असेल, तर त्या दोन रेघांचे ८०० रुपये झाले. वही नसती तर ते गेलेच होते, आणि भांडण झाले असते ते निराळेच.

आणखी एक गोष्ट. कोऱ्या कागदावर सही करू नये, अंगठा तर मुळीच देऊ नये. जो आकडा लिहिला आहे तो वाचावा, पैसे मोजावे, मग सही करावी. आठवड्याचे काम ४८ तासांचे असते. त्याहून जास्त काम करवून घेतले तर जास्त तासांचे दुप्पट दराने पैसे मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापत असतील तर आपला बारा आकडी नंबर मागून घ्यावा. हंगाम संपला, कारखाना बदलला, तरी तो नंबर तोच राहतो.

आठवड्याची सुटीही आपसूक मिळालेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातून, घाटावरून गेलेली माणसे आठवड्याचे सातही दिवस राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांची सभा स्थापन केली, अर्ज केले, सभा भरवल्या. सहा वर्षे गेली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली.

आता तुमची वही उघडा. एका पानावर चार उभ्या रेघा मारा, म्हणजे पाच रकाने होतील. पहिल्या रकान्यात तारीख लिहा. दुसऱ्यात कामावर किती वाजता गेलो ते लिहा, तिसऱ्यात किती वाजता सुटलो ते. चौथ्यात काय काम केले ते लिहा : गंजी, मशीन, प्रेस, सरकी. पाचव्यात मिळालेले पैसे. पानाच्या वर आपले पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. आज कामाला गेला नसाल तरी आजची तारीख टाका आणि पुढे 'घरी' असे लिहा.