मुलांना दत्तमूर्ती मोजू द्या

दत्तजयंतीला नातवंडे देवळात येतात आणि मोजू लागतात. तोंडे तीन, हात सहा, कुत्रे चार! आपण ‘हात जोड आधी’ म्हणून गप्प करतो. मला ते पटत नाही. भागवताच्या ११व्या स्कंधातल्या अवधूताच्या २४ गुरूंत एक लहान मूलही आहेच की.

बहुतेक तसबिरींत माळ-कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख-चक्र विष्णूचे, डमरू-त्रिशूळ शंकराचे. प्रत्येक मुखाला एक जोडी, हिशेब चोख जुळतो (बँकेतली सवय, दुसरे काय!). गाय म्हणजे पृथ्वी, कुत्रे म्हणजे चार वेद, असे आपण सांगतो. पण पोर लगेच विचारते, ‘वेद कुत्रे कसे?’ मी म्हणतो, ‘बाळा, ज्याला आपण हाड् हाड् करतो, त्याला देवाने पायाशी घेतलंय.’ तेवढे त्याला पुरते.

नरसोबाच्या वाडीला मात्र नात गोंधळली. तिथे मूर्ती नाही, मनोहर पादुका. ‘सगळे हात कुठे गेले?’ तिला म्हटले, नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षे राहिले, मग गाणगापूरला गेले, पादुका मागे ठेवून. थोडा वेळ घाटावर गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे पणजोबांची काठी आपण ठेवलीय, तसं?’

मी हो म्हटले.