आकडे जुळले, तरच पैसे मोजा

कार्बनची चाकं घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असतो ‘वजन किती?’, दुसरा ‘रिम किती खोल?’ आणि तिसरा ‘केवढ्याला पडली?’ रविवारी पहाटे पुण्याबाहेर पडणाऱ्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये हे तीन प्रश्न हमखास ऐकू येतात. ज्या प्रश्नांवर आपले हातपाय शाबूत राहणं अवलंबून आहे, ते मात्र कुणी विचारत नाही. रिमची आतली रुंदी किती? काठाला हुक आहे की नाही? तिच्यात जास्तीत जास्त हवा किती चालते?

या प्रश्नांचं मोल मला बोपदेव घाटात कळलं. चाकं नवी कोरी, हुकलेस रिमची होती आणि एका दुकानातून बसवून घेतली होती. तिथल्या मेकॅनिकने टायर चढवले, सीलंट घातलं आणि रोडबाईकला वर्षानुवर्षं भरत आला तशी १०० पीएसआय हवा भरली. सपाटीला काही जाणवलं नाही. सासवडहून परतताना घाट उतरत होतो, ऊन चढलेलं होतं, आणि एका वळणावर मोठा आवाज होऊन पुढचा टायर रिममधून साफ बाहेर आला. कॉलर बोन मोडलं, हेल्मेटला चीर गेली. मागून येणारा ट्रक वेळीच थांबला म्हणून आज लिहितो आहे. रिमवर, व्हॉल्व्हच्या शेजारीच, बारीक अक्षरांत छापलेलं होतं: कमाल ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. टायर चांगला होता, रिमही चांगली होती. हवा मात्र मर्यादेपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पीएसआय जास्त होती.

म्हणून हे सगळं सविस्तर सांगतो. चाक कितीही महाग असलं तरी रिम, टायर, हवा, फ्रेम आणि रस्ता यांचे आकडे एकमेकांशी जुळले तरच ते आपल्या कामाचं.

हुक आणि हुकलेस

जुन्या पद्धतीच्या रिमला दोन्ही काठांवर आतल्या बाजूला वळवलेला ओठ असतो. टायरची कड, जिला बीड म्हणतात, हवेच्या दाबाने त्या ओठाखाली अडकून बसते. हुकलेस रिमचे काठ सरळ असतात. तिथे टायरला धरून ठेवतं ते फक्त बीडचं न ताणलं जाणं आणि रिमच्या बैठकीचं अचूक माप. असा काठ बनवायला सोपा पडतो आणि जाड करता येतो, त्यामुळे खड्ड्याचा मार तो जास्त सोसतो. ग्रॅव्हल बाईकला ३०-३५ पीएसआय हवा लागते, तिथे हुकलेस उत्तम चालतं. प्रश्न येतो तो रोडबाईकचा, कारण तिथे बारीक टायरात टाइट हवा भरायची आपली सवय जुनी आहे.

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हुकलेस रिममध्ये ५ बारच्या वर हवा भरायचीच नाही. टायरवर ‘कमाल ११० पीएसआय’ छापलेलं असलं तरी रिमचा आकडा कमी असेल तर रिमचंच ऐकायचं. दोन आकड्यांपैकी लहान तो आपला. दुसरं म्हणजे, प्रत्येक टायर हुकलेसवर चालत नाही. कॉन्टिनेन्टलचा जीपी ५००० टीएल हा ट्यूबलेस असूनही हुकलेससाठी नाही. त्याच्या नंतर आलेला एस टीआर चालतो. नावं जवळजवळ सारखी असल्याने दुकानात अदलाबदल सहज होते. आत ट्यूब घालणार असाल तरी हुकलेस रिमवर टायर ट्यूबलेस जातीचाच हवा.

हा धोका फक्त आपल्याकडच्या हौशी लोकांपुरता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत बेल्जियमचा थॉमस डे गेंट पडला तेव्हा टायर रिममधून सुटलेला जगाने पाहिला. दगडावर आपटून रिम आधी तुटली की काठ सरळ असल्यामुळे टायर सुटला, यावर बराच वाद झाला. व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष ॲडम हॅन्सन यांनी हुकलेसबद्दल उघड चिंता व्यक्त केली. ज्यांच्यामागे मेकॅनिकची गाडी धावते त्यांचं असं होत असेल, तर घाटात एकट्याने उतरणाऱ्याने किती जपायला हवं!

माझा सल्ला सरळ आहे. २८ मिमीचा टायर वापरणार असाल आणि हवा टाइट आवडत असेल, तर हुक असलेली रिम घ्या. हुकलेस घ्यायची तर टायर ३० किंवा ३२ मिमीचा घ्या आणि हवा कमी ठेवा. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ३० मिमी ट्यूबलेसमध्ये ५५ ते ६० पीएसआय पुरते, आणि आपल्या रस्त्यांवर सायकल त्यातच जास्त पळते.

चाक कशासाठी?

सायकलसोबत आलेली ॲल्युमिनियमची चाकं बहुधा अठराशे-एकोणीसशे ग्रॅमची असतात, कार्बनची चौदाशे-पंधराशेची. म्हणजे फरक चारशे ग्रॅमचा. सायकलसकट आपलं वजन ८५ किलो धरलं तर हा अर्धा टक्का झाला. सिंहगडाची चढण पाऊण तासात करणाऱ्याचे यात दहा-बारा सेकंद वाचतात. ते सेकंद कुणाला मोलाचे असतील, तर कार्बनची चाकं जरूर घ्यावीत. मात्र चढ अर्ध्या वेळात होईल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

खोल रिमचा खरा फायदा वाऱ्यात आहे, तोही ताशी तीस किलोमीटरच्या पुढे. ४५-५० मिमी खोली सपाटीला आणि घाटाला दोन्हीकडे निभते. ६० च्या पुढे गेलात की साताऱ्याच्या पठारावरचा आडवा वारा पुढचं चाक ओढतो. वजनाने हलक्या माणसाने पुढे ३५-४० आणि मागे ५० अशी जोडी घ्यावी. ग्रॅव्हलवर सरासरी वीस-बावीसची असते, तिथे खोलीपेक्षा रुंदी आणि मजबुती बघा.

वाऱ्याशी झुंजताना सर्वात मोठा अडथळा आपलं स्वतःचं शरीर असतं. चाकांचा वाटा त्यामानाने लहान. म्हणून बजेट आखडतं असेल तर आधी चांगले टायर घ्या. जाडजूड, कडक टायर काढून उत्तम रेसिंग टायर घातले तर जोडीमागे दहा वॅट आणि त्याहूनही जास्त वाचतात. त्याला खर्च चाकांच्या तुलनेत फारच कमी येतो.

सायकलला बसेल का?

मागवण्यापूर्वी एका कागदावर या गोष्टी लिहून घ्या. ॲक्सल कोणता? आजच्या डिस्क ब्रेकच्या रोड आणि ग्रॅव्हल बाईकला बहुतेक पुढे १०० आणि मागे १४२ मिमी रुंदीचा, १२ मिमी जाडीचा थ्रू ॲक्सल असतो. जुन्या सायकलींना वेगळा असू शकतो. रोटर सेंटरलॉक की सहा बोल्टचा? कॅसेट कोणती? शिमानोची अकरा आणि बारा गिअरची रोड कॅसेट नेहमीच्या एचजी फ्रीहबवर बसते. स्रॅमच्या दहा दात्यांपासून सुरू होणाऱ्या बारा गिअरच्या रोड कॅसेटला एक्सडीआर फ्रीहब लागतो. नऊ-दहा गिअरची कॅसेट अकराच्या फ्रीहबवर घालायची तर मागे १.८५ मिमीची चकती टाकावी लागते. ती राहिली तर कॅसेट हलते आणि गिअर कधीच नीट लागत नाहीत.

नंतर जागा मोजा. रुंद रिमवर टायर फुगतो. २८ चा टायर २३-२५ मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर ३० च्या आसपास भरतो. टायर चढवून एक रात्र हवा भरून ठेवा आणि सकाळी व्हर्नियरने मोजा. फोर्क आणि चेनस्टेपासून दोन्ही बाजूंना निदान चार मिमी जागा हवी. ग्रॅव्हलला मी सहा धरतो, कारण देशावरची काळी माती पावसात टायरला थरावर थर चिकटते आणि तिच्यातले खडे फ्रेमचा रंग आणि मग कार्बनही खरवडून काढतात.

वजनाची मर्यादाही वाचा. ती स्वाराची की सायकल-सामानासकट, हे प्रत्येक कंपनी वेगळं सांगते. बीआरएमसारख्या लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांनी बॅग, पाणी, दिवे सगळं धरावं. शिवाय रिमला कोणता वापर मान्य आहे तेही बघा: काही हलक्या रिम फक्त डांबरी रस्त्यासाठी असतात, त्या मुळशीच्या कच्च्या वाटेवर नेल्या तर वॉरंटी संपली.

विकत घेताना स्पोक कोणते आहेत ते आवर्जून विचारा. डोक्याशी वाकलेला साधा स्पोक सोलापुरातही मिळेल किंवा कापून घेता येईल. सरळ ओढीचा चपटा स्पोक तुटला तर आठवडाभर सायकल भिंतीला टेकून राहते. म्हणून प्रत्येक मापाचे दोन-दोन स्पोक आणि निपल चाकांबरोबरच मागून घ्या. परदेशातून थेट मागवणार असाल तर रिम तुटल्यास बदलून मिळते का आणि परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या.

बसवताना

ट्यूबलेसची टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी रुंद हवी. आधी रिम आतून स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या थोडी अलीकडून करायची आणि टेप चांगली ताणत, अंगठ्याने मधल्या खोलगट भागात दाबत न्यायची. शेवट भोकाच्या पलीकडे दहा सेंटिमीटर तरी जायला हवा, म्हणजे भोकावर दोन थर येतात. एकही बुडबुडा राहू देऊ नका. तिथूनच सीलंट रिमच्या पोटात शिरतं. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने फुलीसारखं कापू नका, टेप तिथून फाटत जाते. टोकदार, तापवलेल्या सुईने लहान गोल भोक पाडा. व्हॉल्व्हची चकती बोटांनीच आवळा. पक्कड लावली की रबर चेपतं, आणि भर रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर चकती सुटत नाही. ५० मिमी खोल रिमला ७० मिमीच्या आसपास लांबीचा व्हॉल्व्ह लागतो, हेही आधी बघून ठेवा.

टायर चढवताना प्लॅस्टिकचाच लिव्हर घ्या. पहिल्यांदा हवा भरताना दाबाचा काटा सतत डोळ्यांसमोर हवा. कॉम्प्रेसरने एकदम भरायचं तर मर्यादेच्या आत थांबणारा गेज लागतो. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून सारखी बाहेर दिसली तर बीड बसली. कुठे आत गेली असेल तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. दाब वाढवून बीड बसवायच्या भानगडीत पडू नका. रोडला ३० ते ६० मिली, ग्रॅव्हलला ६० ते १२० मिली सीलंट पुरतं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, ते तपासायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सेंटरलॉकचं लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायचं असतं. टॉर्क रेंच नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करून घ्या. नव्या चाकाबरोबर रोटर कॅलिपरमध्ये किंचित सरकतो, म्हणून कॅलिपर पुन्हा मध्यावर आणा.

स्पोकचा ताण नव्या चाकातही मोजून घ्यावा. आपल्याकडे चाकाचा आऊट काढायचा म्हणजे डोळ्यांनी बघून निपल फिरवायचं, अशी पद्धत आहे. ॲल्युमिनियमला ते खपतं. कार्बनच्या रिमला कंपनीने ठरवून दिलेल्या कमाल ताणाच्या पुढे आवळलं तर निपलच्या भोकाभोवती केसाएवढी चीर पडते. ताणमापक नसलेल्या माणसाच्या हाती कार्बनचं चाक देऊ नका.

रिम ब्रेक असेल तर

ज्यांची सायकल रिम ब्रेकची आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं: घाटात उतरणार असाल तर ॲल्युमिनियमच ठेवा. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरताना ब्रेक सतत घासत राहतो आणि उष्णता रिममध्येच साठते. कार्बनचे धागे ज्या राळेने बांधलेले असतात ती एका तापमानाच्या पुढे मऊ होते, आणि आतल्या हवेच्या दाबाने काठ बाहेरच्या बाजूला फुगतो. घ्यायचीच असतील तर फक्त कंपनीने सांगितलेले कार्बनचे पॅड वापरा आणि आत लॅटेक्सची ट्यूब घालू नका. ॲल्युमिनियमच्या रिमवर घासलेले पॅड पुन्हा लावू नका, त्यांत अडकलेला धातूचा कीस कार्बनवर ओरखडे पाडतो. ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी थोडा वेळ जोरात दाबा आणि सोडा.

खड्ड्यानंतर

ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलेलं दिसतं. कार्बनला पोचा पडत नाही, तडा जातो. आणि तो बऱ्याचदा टायरखाली दडलेला असतो. रिम खड्ड्यात दणकन आपटली तर घरी आल्यावर टायर काढा. आतल्या काठावरून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे चीर आहे. नाण्याने रिम गोल ठोकत जा. खणखणीत आवाजाच्या मध्येच एखाद्या जागी बद्द आवाज आला तर ते चाक त्या दिवसापासून बंद. रोज सकाळी हवा उतरलेली दिसू लागली तरी आधी पंक्चर शोधा, मग टेप, आणि मग रिमच तपासा.

नवी चाकं घालून पहिली राइड घाटात करू नका. सपाटीवर एक फेरी मारा, परत येऊन हवा, ॲक्सल, रोटर आणि टायरची रेघ पाहा. रिमवरचा कमाल दाब पांढऱ्या टेपवर मोठ्या अक्षरांत लिहून ती फ्रेमवर सीटपोस्टजवळ चिकटवा, म्हणजे ज्याच्या हातात पंप आहे त्याला तो दिसेल, मग तो दुकानातला मेकॅनिक असो, बीआरएमच्या कंट्रोलवरचा स्वयंसेवक असो की मदतीला आलेला मित्र. आपल्या ग्रुपमध्ये कुणी नवी चाकं आणली की कौतुक मनापासून करा, आणि त्याच दमात विचारा, ‘हुक आहे का? हवा किती भरलीस?’ उत्तर पटकन आलं नाही तर राइड पाच मिनिटं थांबवा आणि रिमवरचा आकडा सगळ्यांनी मिळून वाचा.