वहिनीच्या ताटातलं वरण

मुरार, ग्वाल्हेर

चि. निखिल,

पुण्याहून परतून आठवडा झाला, पण तुझ्या कपाटावरचा प्रोटीन पावडरचा डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. तू व्यायाम करतोस याचा मला आनंदच आहे. लहानपणी सुट्टीत इथे आलास की लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेतली मुलं धावताना पाहून घरी येऊन जोर काढायचास. पण त्या डब्याची तुला गरज नाही.

हिशेब कर. निरोगी माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुझ्या ६५ किलोंना ५४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३०० मिली दूध सांगितलंय. तेवढ्यात ५० ग्रॅम सहज होतात. उरलेल्यासाठी आणि व्यायामासाठी वर मूठभर शेंगदाणे, दोन अंडी खा. शरीर कमावायला पावडरी घेऊ नका, असं त्याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. आणि वरणभाताला तू नुसता स्टार्च म्हणालास, ते मला लागलं. तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळ देते. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ देतो. फक्त वरण घट्ट हवं.

खरं तर हे पत्र वहिनीसाठी, तुझ्या आईसाठी आहे. मी होते तितके दिवस ती शेवटी जेवली. तुम्हाला वाढून झालं की पातेल्यात पाणीच उरायचं, मग ती पोळी लोणच्याशी खायची. माझ्या सासूबाईंनी याच घरात जन्मभर तेच केलं. सत्तरीत त्यांना पाटावरून उठवायला दोघी लागायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. वयाने स्नायू झिजतात हे खरं, पण म्हणूनच त्या वयात प्रथिनं कमी पडू द्यायची नसतात, हे मला फार उशिरा कळलं. सून असून मी त्यांच्या ताटात कधी डोकावले नाही. ते अजून सलतं.

डब्याच्या पैशांत मूग, मटकी, दही आण. रात्री कडधान्य तू भिजत घाल. दादाला मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्याला किती चालेल ते मात्र डॉक्टरांनाच विचार. वाढायला तू ऊठ, पळीने तळापासून ढवळ आणि पहिलं वरण वहिनीला वाढ.

सदर बाजारातून फुटाणे घेतलेत, उद्या पाठवते. अर्धे वहिनीच्या शाळेच्या डब्यात भर.

तुझी,
आत्या