जुनी जीप आणि तिचा गंज

जीप गाडी पाहिली नाही असा माणूस खेड्यात शोधून सापडायचा नाही. गटविकास अधिकारी जीपमधून आले. देवी टोचणारे लोक जीपमधून आले. निवडणुकीचा कर्णा जीपवरच वाजला. जिथे रस्ता संपतो तिथूनही जीप पुढे जाते. ओढा असो, चिखल असो, ती वाट काढते. म्हणून ती आपल्याला जवळची वाटते.

आज पुष्कळ गावांत एखादी जुनी जीप गोठ्याच्या कडेला नाहीतर चिंचेखाली उभी असते. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. कुणी म्हणतो, "भंगारात द्या." कुणी म्हणतो, "रंग मारा, नवी होईल." दोन्ही सल्ले घाईचे आहेत. अशी गाडी घरच्या अंगणात पुन्हा उभी करता येते. मात्र कोणते काम आधी आणि कोणते मागून, हे कळले पाहिजे. तेच आम्ही या पाठात सांगणार आहोत.

जीप आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला डोंगरदऱ्यांतून पळणारी हलकी गाडी हवी होती. १९४१ सालापासून अशा गाड्या मोठ्या संख्येने बनू लागल्या. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४५ पर्यंत मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. हिचे इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे. गरज पडली की चारही चाकांना जोर मिळतो. त्यामुळे दोन चाके चिखलात रुतली, तरी उरलेली दोन गाडीला ओढतात.

आपल्याकडे महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग परदेशातून यायचे आणि गाडी इथे जोडली जायची. पुढे ते भागही आपल्याच देशात होऊ लागले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्या कामासाठी जीपा खेडोपाडी फिरू लागल्या. पुढे सरकारी कामातून निघालेल्या कितीतरी जीपा लोकांनी विकत घेतल्या.

गंज म्हणजे काय?

लोखंड, हवा आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो. हवेतला प्राणवायू ओल्या लोखंडाला मिळतो, आणि लोखंडाची तांबडी भुकटी होऊ लागते. मिठाने हे काम फार लवकर होते. म्हणून समुद्रकाठची गाडी देशावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते. गोठ्यातली ओल आणि जनावरांचे मूत हेही लोखंडाचे वैरीच.

तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर चढतो, तो पुष्कळदा घट्ट बसून राहतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो पापुद्र्यासारखा सुटतो. खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि पुन्हा गंजते. शिवाय गंज फुगतो. जितके लोखंड खाल्ले, त्याच्या कितीतरी जास्त जागा तो घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला तर सांधा उकलून टाकतो.

आता सांगा, वाळवी लागलेल्या तुळईला रंग दिला, तर घर टिकेल का? गंजाचेही तसेच आहे. वरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून लोखंड जात राहते. माणसं त्या गाडीत विश्वासाने बसतात. म्हणून पहिला नियम हा: गंज झाकायचा नाही. गंज काढायचा.

आधी गाडी वाजवून बघा

बाजारात मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. पक्के मडके टणटणते. तडा गेलेले बद्द वाजते. जीपलाही तसेच वाजवून बघा.

गाडी आधी धुऊन काढा. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेलकट थर खरवडा. मग लहान हातोडीने टिचक्या मारत चला. खणखणीत आवाज आला तर लोखंड पक्के आहे. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, की तिथे खडूने फुली मारा. शंका असेल तिथे टोकदार टोच्याने दाबा. टोचा आत गेला तर पत्रा संपला असे समजा.

पुढच्या जागा चुकवू नका:

१. पाय ठेवायचा तळपत्रा. त्याच्याखाली आधाराच्या आडव्या पट्ट्या असतात. युद्धातल्या जुन्या जीपमध्ये या पट्ट्यांत लाकूड भरलेले असे. लाकूड ओल धरून ठेवते आणि पट्टी आतून सडते.

२. मागच्या बाजूचे हत्यारांचे कप्पे. तिथे पाणी साचते.

३. गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसी. तिचा मागचा आडवा भाग आणि कमानपाटे अडकवण्याच्या जागा नीट बघा.

४. ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या.

सगळीकडे फिरून झाले की फुल्या मोजा. तळपत्र्यावर आणि बाजूच्या पत्र्यावर फुल्या असतील तर काम घरी होईल. चेसीवर ठिकठिकाणी फुल्या असतील, तर थांबा. खर्चाचा अंदाज जाणत्या कारागिराकडून घ्या. इंजिनावर पैसे घालण्याआधी हे करा. चेसी गेलेली असताना नवे इंजिन बसवणे म्हणजे पडक्या भिंतीवर नवे छप्पर घालणे.

कामाआधीची सावधगिरी

गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. जॅक सरकतो. लोखंडी घोड्या किंवा जाडजूड लाकडी ओंडके चारही बाजूंना लावा. विटा लावू नका. वीट अचानक फुटते.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुन्या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तळपत्रा तर तिथेच गंजलेला असतो! वेल्डिंगची ठिणगी तिथे पडली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून वेल्डिंगच्या आधी टाकी काढून दूर न्या. "टाकी रिकामी आहे, काय होतंय?" असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, आणि पेट घेते ती वाफच. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नका. दुसरी टाकी बसवा.

बॅटरीच्या तारा सोडा. वाळूच्या दोन बादल्या जवळ ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि जुन्या ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

गंज कसा काढावा?

मोठ्या पत्र्याला तारेचा ब्रश, कानस आणि पॉलिश पेपर पुरतात. ग्राइंडर असेल तर काम लवकर होते, पण पातळ पत्र्यावर जपून फिरवा. पांढरे, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा.

नट, बोल्ट, बिजागऱ्या अशा लहान वस्तूंना दुसरा उपाय आहे. पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, कारण आंबटपणा डाग खातो. तोच गुण लिंबाच्या सत्त्वात आहे. ही पांढरी भुकटी किराणा दुकानात मिळते. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम सत्त्व घाला. वस्तू रात्रभर बुडवा. सकाळी ब्रशाने घासा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खंगाळा, लगेच कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवा. चार-चार दिवस बुडवून ठेवू नका. मग चांगले लोखंडही झिजते. कमानपाटे आणि ब्रेकचे भाग या पाण्यात घालू नका.

खड्ड्यांत बारीक गंज उरतोच. त्यावर लावायचे औषध रंगाच्या दुकानात मिळते. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते. ते लावले की उरलेला गंज काळा पडून घट्ट होतो. हातात रबरी मोजे घाला. पण हे ध्यानात ठेवा, की औषधाने पत्र्याची जाडी परत येत नाही. टोचा आत गेला होता ना? तिथे औषध चालणार नाही. तिथे ठिगळच हवे.

पत्र्याला ठिगळ

काही कारागीर भोकात लांबी भरतात, वर रंग देतात आणि पैसे घेतात. लांबी फक्त बारीक खळगे सपाट करण्यासाठी आहे. भोकावर भरलेली लांबी खालून ओल पिते. पुढच्या पावसाळ्यात ती फुगून निघते.

ठिगळ असे लावा. सडलेला भाग पक्क्या पत्र्यापर्यंत कापून काढा. कंजूषपणा करू नका. गंजक्या काठाला वेल्ड धरत नाही. मग पुठ्ठा ठेवून माप घ्या. शिंपी आधी कागद बेततो आणि मग कापड कापतो, तसेच हे. पत्रा जुन्या पत्र्याइतकाच जाड घ्या. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड असतो. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यावर ताण येऊन तडा जातो.

वेल्डिंग एका दमात करू नका. उष्णतेने पत्रा वाकतो. गोधडी शिवताना बाया आधी ती जागोजागी टाचून घेतात. तसेच करा. एक टाका इकडे, एक टाका समोर. पत्रा निवू द्या. मग मधल्या जागा भरा. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागेचे जस्त आधी घासून काढा. त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

हात बसलेला नसेल तर हे काम वेल्डरकडून करून घ्या. घासणे, कापणे, बेतणे घरी केले तरी मजुरी बरीच वाचते. चेसीचे वेल्डिंग मात्र नेहमी जाणत्या माणसाकडूनच करवा. सगळ्या गाडीचा आणि माणसांचा भार तिच्यावर असतो. काम झाल्यावर चेसीचे कर्ण मोजा. घराचा पाया आखताना आपण समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी धरतो. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तर चौकट सरळ असते. इथेही तीच परीक्षा.

रंग शेवटी

ही कामे दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढा. हवा कोरडी असते. घासलेला पत्रा रात्री उघडा राहिला तर दवाने सकाळी पुन्हा तांबूस दिसतो. म्हणून जेवढे घासाल तेवढ्यावर त्याच दिवशी अस्तर द्या. रेड ऑक्साइडचे किंवा जस्ताचे अस्तर चालते. ते वाळल्यावर रंगाचे दोन हात द्या. सांधे आणि पोकळ पट्ट्यांच्या आत घट्ट तेल किंवा मेण सोडा. ब्रश तिथे पोचत नाही, पण ओल पोचते. तळातली पाणी जायची भोके बुजवू नका.

ब्रेकचा भरवसा

पुष्कळ जुन्या जीपांत चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची एकच वाट असते. एक नळी फुटली की पायाचा सगळा ब्रेक गेला. घाटात असे झाले तर जिवाशी गाठ आहे. म्हणून गंजलेल्या नळ्या आणि जुने रबरी भाग सगळे बदला. ब्रेक ऑइल नवे भरा. गाडी रस्त्यावर नेण्याआधी सपाट जागी, हळू वेगात, दहा वेळा ब्रेक लावून बघा.

कागद सांभाळा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. जुनी गाडी विकत घेताना नोंदणीचा कागद स्वतः वाचा. त्यावरचा चेसीचा आणि इंजिनाचा नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याच्या शब्दावर का जायचे? घासताना चेसीचा नंबर घासला जाऊ देऊ नका. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी काढा.

मंडळी, नांगराचा फाळ ठेवून देताना शेतकरी त्याला तेल लावतो. त्याला कुणी शिकवावे लागत नाही. जीपलाही तेवढीच माया हवी. दर पावसाळ्यानंतर चिखल धुवा, हातोडीच्या टिचक्या मारा आणि खडूची फुली दिसली की त्याच आठवड्यात हात घाला. फुली लहान असताना खर्चही लहान असतो.

सांगा पाहू

१. गंज चढायला कोणत्या गोष्टी एकत्र याव्या लागतात?
२. रिकामी पेट्रोलची टाकी धोक्याची का?
३. भोकात लांबी भरून रंग दिला तर काय होते?
४. तुमच्या घरी लोखंडाच्या कोणत्या वस्तू आहेत? आज त्या वाजवून बघा. गंजलेल्या वस्तूंची नावे वहीत लिहा.