आधी अडचण सांगा

अमरावती आणि अकोल्याच्या मुलामुलींना मी गोडोट या मोफत इंजिनवर गेम बनवायला शिकवते आणि त्यांच्यासाठी त्याला जोडायची छोटी ॲड-ऑन लिहिते. कोणती सोय घ्यायची, कोणती सोडायची, हे रोज ठरवावं लागतं.

१. मागणी वेगळी, अडचण वेगळी. अर्जेंटिनात तयार झालेलं गोडोट २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. गोडोटसाठी नवी सोय सुचवणाऱ्याला आधी विचारतात: तुमच्या गेममध्ये नेमकं काय अडलं? थोड्या कोडनं भागणार नाही का? ही सोय मूळ इंजिनातच का हवी, ॲड-ऑन म्हणून का नको? हेच प्रश्न मी वर्गात विचारते. बऱ्याच मागण्या उत्तर शोधतानाच गळून पडतात.

२. किती जणांना लागतं, एवढंच मोजून चालत नाही. अकोल्यातल्या एका मुलीनं गोडोटच्या जुन्या आवृत्तीत विटीदांडूचा गेम केला. नाव पडद्यावर आलं आणि तिनं विचारलं, "मॅडम, हे वेलांटी मांगं काऊन गेली?" संगणक आधी 'व' साठवतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र ती उचलून 'व'च्या आधी बसवावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात. तिसऱ्या आवृत्तीला ते जमत नव्हतं. मार्च २०२३ मध्ये ४.० आली, तिच्यात हार्फबझ ही अक्षरजुळणीची प्रणाली होती, आणि 'विटीदांडू' नीट उमटलं. अरबी-उर्दूचीही सोय त्याच कामात झाली. बटणं, याद्या, संवाद, अक्षरं सगळीकडेच असतात; म्हणून हे मुळातच असायला हवं होतं. इंजिनचं वजन वाढतं हेही खरं, त्यासाठी ज्यांना गरज नाही त्यांना हलका पर्याय ठेवलाय. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपली भाषा संगणकावर अशीच मोडकी दिसायची, असं त्या मुलीनं गृहीत धरलं होतं, हे मात्र अजून मनातून जात नाही.

३. सर्वांत गरजेचं कुणी मागतच नाही. मुलं थ्रीडी मागतात, ऑनलाइन खेळ मागतात. उन्हाळ्यात लाइन जाते, जतन न केलेलं काम जातं, आणि ती मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून बसतात. दर थोड्या वेळानं आपोआप जतन करणारं ॲड-ऑन मी त्यांना काम करताना पाहून लिहिलं.

४. तयार गेमपेक्षा सुटे भाग द्यावेत. अमरावतीतल्या आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती. इथल्या मुलांना कबड्डीचा गेम हवा असतो यात नवल नाही. तयार साचा दिला असता तर सगळ्यांची कबड्डी एकसारखी झाली असती. मी चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ, ओलांडली की कळवणारी रेषा आणि बाद-जिवंतचा हिशेब, असे वेगळे भाग दिले. दोघी मैत्रिणींनी त्यातली रेषा घेऊन आट्यापाट्या उभ्या केल्या. एक मुलगा आता म्हणतो, चढाईतला दम खराच पायजे, मायक्रोफोननं ऐकावा आणि तुटला की खेळाडू बाद. काय अडलं, विचारल्यावर तो म्हणाला, "दमाबिगर कबड्डी कशी होईन?" मी त्याचं काम हाती घेतलंय. वर्गातल्या पंख्याचा आवाज दमापासून वेगळा कसा काढायचा, तिथं सध्या अडलंय.