साथीच्या काळातील खेळ : एक अभ्यास

११ मार्च २०२० या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हा रोग जगद्‌व्यापी साथ असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी बॅडमिंटनच्या ऑल इंग्लंड स्पर्धेस आरंभ झाला. आपल्या हैदराबाद नगरीत घडलेल्या पी. व्ही. सिंधू व सायना नेहवाल या दोघीही त्या स्पर्धेत उतरल्या होत्या. १५ मार्चला स्पर्धा संपली आणि दुसऱ्याच दिवसापासून बॅडमिंटनच्या सर्व आंतरराष्ट्रीय स्पर्धा थांबविण्यात आल्या. खेळाडूंच्या हितापेक्षा पैशाचा विचार अधिक झाला, अशी टीका सायना नेहवाल यांनी नंतर उघडपणे केली.

साथ असताना खेळावे की न खेळावे, आणि हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, हा प्रश्न त्या वेळी महाविद्यालयीन खेळाडूंपासून ऑलिंपिकच्या मानकऱ्यांपर्यंत सर्वांपुढे उभा राहिला. विद्यार्थिमित्रांनो, तो प्रश्न आज समजून घेणे उपयोगाचे आहे; कारण अंगात ताप असताना शाळेच्या सामन्यास उतरावे काय, हा त्याचाच धाकटा भाऊ होय.

तारुण्य ही ढाल आहे काय?

खेळाडू तरुण व सुदृढ असतो. त्याला रोगाचे भय कसले, असा सर्वसाधारण समज असतो. इतिहास या समजास दुजोरा देत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि त्या साथीत ऐन विशी-तिशीतील माणसे विलक्षण प्रमाणात दगावली. पुढील वर्षी अमेरिकेतील सिॲटल येथे बर्फावरील हॉकीच्या स्टॅन्ली चषकाची अंतिम मालिका चालू असताना मॉन्ट्रियल संघातील अनेक खेळाडू तापाने आडवे झाले. १ एप्रिल १९१९ रोजी मालिका अर्धवट सोडावी लागली आणि त्या संघातील जो हॉल हा खेळाडू ५ एप्रिलला मरण पावला.

कोविडची तऱ्हा निराळी होती. तिचा सर्वाधिक प्रहार वृद्धांवर झाला. परंतु तरुण खेळाडूंच्या बाबतीत वैद्यांना एक वेगळीच धास्ती होती, ती हृदयाची. विषाणूजन्य रोगात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. ही सूज बाहेरून दिसत नाही आणि रोग्याला प्रत्येक वेळी जाणवतेच असेही नाही. अशा अवस्थेत जोराचे श्रम केल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून माणूस एकाएकी कोसळू शकतो. म्हणूनच अशी सूज आढळलेल्या खेळाडूने तीन ते सहा महिने कठोर श्रम टाळावेत, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला कोविडच्या आधीपासूनच होता.

आकडे कसे वाचावेत

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील वैद्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोविडमधून उठलेल्या २६ महाविद्यालयीन खेळाडूंच्या हृदयाची त्यांनी चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने तपासणी केली होती. पैकी ४ जणांत, म्हणजे शेकडा १५ जणांत, स्नायूच्या सुजेची चिन्हे दिसली. या बातमीने सर्वत्र चिंता पसरली. पुढे २०२१ मध्ये ४२ महाविद्यालये व विद्यापीठे यांतील ३,०१८ बाधित खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयास निश्चित, संभवनीय किंवा शंकास्पद बाधा झालेले खेळाडू २१, म्हणजे शेकडा ०.७, निघाले.

शेकडा १५ आणि शेकडा ०.७ यांत एवढे अंतर का पडावे? एक कारण गणिताच्या वर्गातच सापडते. २६ जणांपैकी एकाचाही निष्कर्ष बदलला, तर प्रमाण १५ वरून ११.५ वर उतरते किंवा १९ वर चढते. ३,०१८ जणांत एकाच्या फरकाने प्रमाण जवळजवळ हलत नाही. दुसरे कारण तपासणीच्या पद्धतीचे आहे. पहिल्या अभ्यासात सर्वांच्याच प्रतिमा घेतल्या होत्या. दुसऱ्यात सर्वांच्या घेतल्या नव्हत्या. त्यातील ज्या १९८ खेळाडूंच्या प्रतिमा लक्षणांची वाट न पाहता घेतल्या, त्यांच्यापैकी ६ जणांत, म्हणजे शेकडा तिघांत, बाधा दिसली. तेव्हा पहिली धास्ती मोठी ठरली, तरी ती निराधार नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये निर्णय घेणाऱ्या खेळाडूपुढे मात्र यांपैकी एकही आकडा नव्हता, हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

हैदराबादचा अनुभव

त्याच ऑगस्टमध्ये, तेलंगणा शासनाची अनुमती मिळाल्यावर, गच्चीबावली येथील पुल्लेला गोपीचंद अकादमीत ऑलिंपिकच्या तयारीसाठी निवडक खेळाडूंचा सराव पुन्हा सुरू झाला. आठवडा लोटतो न लोटतो तोच एका खेळाडूची व एका फिजिओथेरपिस्टची चाचणी बाधित आली. दोघांनाही कोणतेच लक्षण जाणवत नव्हते. निर्जंतुकीकरणासाठी अकादमी काही दिवस बंद ठेवावी लागली. पुढे दोघांची फेरचाचणी निर्दोष आली.

येथे बॅडमिंटनची एक अडचण सांगितली पाहिजे. शटल वजनाने इतके हलके असते की वाऱ्याच्या झुळुकीनेही त्याची वाट बदलते. म्हणून सभागृहात वारा खेळू नये, अशीच व्यवस्था ठेवावी लागते. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला तर अशीच कोंडलेली हवा मानवते. कबड्डीत अंगाला अंग भिडते, मैदानी शर्यतीत मोकळी हवा असते. म्हणजे धोका खेळागणिक वेगळा असतो, आणि एकच नियम सर्व खेळांना लावून चालत नाही.

न खेळण्याचे मोल

मग सर्व काही बंद ठेवणे हाच शहाणपणा नव्हे काय? तेही तितके सोपे नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारत, मलेशिया व सिंगापूर येथील स्पर्धा एकामागून एक पुढे ढकलल्या गेल्या किंवा रद्द झाल्या. टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरण्याची सायना नेहवाल व किदंबी श्रीकांत यांची अखेरची संधी त्यांबरोबरच गेली. सिंधू यांचे स्थान निश्चित होते. त्यांनी गच्चीबावलीच्या क्रीडागृहात सराव करून १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत कांस्यपदक मिळविले. साथ एकच, पण तिचे माप सर्वांच्या पदरात सारखे पडले नाही.

महाविद्यालयीन खेळाडूंचेही तसेच झाले. पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भुवनेश्वर येथे १ मार्च २०२० रोजी संपल्या. दुसऱ्या स्पर्धा बंगळुरूत भरल्या त्या २४ एप्रिल २०२२ रोजी. पदवीचा अभ्यास तीन वर्षांचा. त्यांतील दोन वर्षे अशी रिती गेली, तर ती कोण भरून देणार?

निर्णय कोणाचा?

अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने एक नियम केला : कोविडच्या भीतीने जो विद्यार्थी त्या हंगामात खेळणार नाही, त्याची शिष्यवृत्ती महाविद्यालयाने काढून घेऊ नये. या नियमाचे महत्त्व आम्हास फार वाटते. शिष्यवृत्तीवर ज्याचे शिक्षण चालते, त्याला ‘खेळायचे की नाही, तूच ठरव’ असे म्हणणे पोकळ आहे. नकार देणाऱ्याचे ताट हिसकावले जाणार नाही, अशी हमी असेल तरच त्याचा होकार खरा मानता येईल.

शिवाय खेळाडू एकटा नसतो. तो सरावाहून घरी परततो, आणि आपल्या घरांत आजी-आजोबा असतात. स्वतःच्या जिवावर उदार होण्यास शौर्य म्हणता येईल. दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्यास ते नाव देता येत नाही. म्हणून खेळाडूने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : मला धोका किती? माझ्यामुळे घरच्यांना व सोबत्यांना धोका किती? आणि मी थांबलो तर काय गमावीन, व ते पुन्हा मिळविता येईल काय?

पालकांना व क्रीडाशिक्षकांना आमची विनंती आहे की, ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा धडधड यांपैकी काहीही मुलाने सांगितल्यास त्याला भित्रा म्हणू नये. मैदानाबाहेर बसवावे व वैद्याचा सल्ला घ्यावा. आजार लपवून खेळण्याची सवय बहुधा मोठ्यांच्या अशा एखाद्या शब्दानेच लागते. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण नेहमी ऐकतो. सामन्याच्या आदल्या दिवशी ती आठवणे कठीण असते, म्हणून तिचा विचार आधीच करून ठेवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २६ आणि ३,०१८ खेळाडूंच्या अभ्यासांतील निष्कर्ष वेगळे येण्याची दोन कारणे लिहा.
२. बॅडमिंटन, कबड्डी व धावण्याची शर्यत यांतील संसर्गाच्या धोक्याची तुलना करा.
३. तुमचा संघनायक अंतिम सामन्याच्या सकाळी तापाने फणफणला आहे आणि हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. तुम्ही काय कराल, व का? घरच्यांशी चर्चा करून उत्तर लिहा.